सात हजार भरू नकोस, आधी गणित मांड

वाचकाचं पत्र (थोडं संक्षिप्त करून):

"सर, मी वाशिम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यातला. वय 23. बी.एस्सी.चं दुसरं वर्ष चालू होतं, तेव्हा बाबांना अर्धांगवायू झाला. तेव्हापासून घरचं वावर मीच पाहतो, सोयाबीन आणि तूर. 2 एप्रिल 2022 च्या संध्याकाळी आभाळातून पेटत्या रेघा गेल्या आणि सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला धातूचं मोठं कडं पडलं. तेव्हापासून अवकाशाचं वाचायचा, व्हिडिओ पाहायचा नाद लागला. डार्क मॅटर, म्हणजे आकाशात न दिसणारं पण ओढ लावणारं जे वजन म्हणतात, त्याबद्दल माझा स्वतःचा सिद्धांत आहे, दोन वह्या भरल्या आहेत. माझं म्हणणं, डार्क मॅटर म्हणजे विझलेले तारे. ते जळत नाहीत म्हणून दिसत नाहीत, एवढंच. शास्त्रज्ञ उगाच नवा कण शोधत बसले आहेत. चार प्राध्यापकांना मेल केला, कोणाचंच उत्तर नाही. एका 'आंतरराष्ट्रीय' संशोधन पत्रिकेनं मात्र तीन दिवसांत लेख स्वीकारला, 7,000 रुपये भरायला सांगितलेत आणि मुदत जवळ आली आहे. गावच्या ग्रुपवर टाकलं तर एका काकांनी लिहिलं की हे आत्मतत्त्व आहे, आपल्या ऋषींना आधीच ठाऊक होतं. मित्र म्हणतो डार्क मॅटर वगैरे काही नसतंच, पैसे लाटायचे धंदे आहेत. बाबा म्हणतात, 'काहून रे बापू, आभायाचं वजन मोजून सोयाबीनले भाव भेटन काय?' मी काय करू? पैसे भरू का?"

प्रिय मित्रा,

तुझं वय पाहून एकेरीत लिहितो.

पैशाला मुदत आहे, म्हणून तो प्रश्न आधी. सात हजार भरू नकोस. आता नको आणि सोयाबीनचे पैसे हाती आल्यावरही नको. खऱ्या संशोधन पत्रिकेत लेख आला की तो त्याच विषयात काम करणाऱ्या एक-दोन जाणत्यांकडे तपासायला जातो. ते गणित तपासतात, चुका काढतात, अमुक निरीक्षणाचं उत्तर तुमच्याकडे काय आहे असं विचारतात आणि बरेचदा लेख परत पाठवतात. यात महिने जातात. तुला तीन दिवसांत 'स्वीकृत' आलं, आणि तुझ्या पत्रावरून दिसतं की त्यासोबत एकही प्रश्न आला नाही, एकही दुरुस्ती सुचवली गेली नाही. म्हणजे तुझा लेख तिथे कोणी वाचलेलाच नाही. काही चांगल्या पत्रिकाही प्रकाशनाचा खर्च लेखकाकडून घेतात हे खरं आहे, पण तिथे तपासणी आधी होते, आणि ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याला बऱ्याच ठिकाणी माफी मागता येते. तुला गाठणारे लोक वेगळे. एकट्यानं विचार करणाऱ्या माणसाला आपलं कोणीतरी ऐकावं असं फार वाटत असतं, आणि त्या वाटण्यावर हे लोक दर लावतात. मला याची मनापासून चीड येते. एका एकराच्या बियाण्या-खताएवढी ही रक्कम आहे. मुदतीचे मेल येत राहतील, त्यांना उत्तर देऊ नकोस.

आता तुझा सिद्धांत. तो बरोबर नाही. पण तो खुळा नाही, आणि हे तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. न दिसणारं वजन म्हणजे न चमकणाऱ्या ताऱ्यांचं वजन असेल, ही शक्यता खगोलशास्त्रज्ञांनी गंभीरपणे घेतली, त्यासाठी वर्षानुवर्षं दुर्बिणी राबवल्या. त्या शोधाचं पुढे काय झालं, एवढंच तुझ्यापर्यंत पोचलेलं दिसत नाही.

हे जास्तीचं वजन मुळात सापडलं कसं, तिथून सुरू करू. बुध सूर्याभोवती सेकंदाला 47 किलोमीटर वेगानं फिरतो, पृथ्वी 30 किलोमीटरनं, नेपच्यून जेमतेम साडेपाच. जसजसं लांब जावं तसतसा वेग उतरतो, कारण जवळजवळ सगळं वजन मधल्या सूर्यात आहे. दीर्घिकेतही, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांच्या मोठ्या समूहातही, उजेड मध्यभागी एकवटलेला असतो. म्हणून कडेच्या ताऱ्यांचा वेग उतरायला हवा. व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड या अमेरिकी खगोलशास्त्रज्ञांनी देवयानी (अँड्रोमेडा) दीर्घिकेतले वेग मोजून 1970 मध्ये प्रसिद्ध केले, तर वेग उतरतच नव्हता. पुढे त्यांनी आणि इतरांनी कितीतरी दीर्घिका मोजल्या, बहुतेक ठिकाणी हेच. त्याच्या कितीतरी आधी, 1933 मध्ये, फ्रिट्झ झ्विकी यांना कोमा दीर्घिकासमूहात असंच काही दिसलं होतं. तिथल्या दीर्घिका इतक्या वेगानं धावतात की दिसणाऱ्या वजनाच्या ओढीनं तो समूह एकत्र राहूच शकत नाही.

असं समज की जिनिंगच्या फाटकावर कापसाची गाडी काट्यावर चढवली आहे. दिसतो तो कापूस पाच क्विंटल. गाडीचं वजन वजा केल्यावरही काटा दाखवतो तिसाच्या वर. तिथे उभ्या असलेल्या लोकांत दोन तर्क निघतील: कापसाखाली काहीतरी लपलंय, नाहीतर काटा बिघडलाय. डार्क मॅटरवर जगभर जी चर्चा चालते ती जवळजवळ सगळी या दोन तर्कांमध्ये आहे, आणि मी दिलेलं प्रमाणही साधारण खरं आहे. एकूण पदार्थ दिसणाऱ्या-ओळखीच्या पदार्थाच्या सहापटीपेक्षा थोडा जास्त भरतो. तू पहिल्या बाजूचा. तुझा मित्र, त्याला ठाऊक नसेल तरी, दुसऱ्या बाजूच्या जवळ उभा आहे.

विझलेल्या ताऱ्यांना पहिली अडचण वेळेची. विश्वाचं वय सुमारे 1380 कोटी वर्षं. सूर्यासारखा तारा सुमारे 1000 कोटी वर्षं जळतो, आणि सूर्याहून हलके तारे त्याहून कितीतरी जास्त. सगळ्यात लहान ताऱ्यांपैकी तर अजून एकही म्हातारपणानं विझलेला नाही, विश्वच तेवढं जुनं नाही. मोठे तारे लवकर संपतात, पण संपताना कार्बन, ऑक्सिजन, लोह असा माल आजूबाजूला उधळतात. दिसणाऱ्या पदार्थाच्या पाचपटीहून जास्त वजनाचे तारे जळून गेले असते तर त्यांची राख सगळीकडे, आज आहे त्याहून किती तरी जास्त सापडली असती.

दुसरी गोष्ट मला स्वतःला फार आवडते. विझलेला तारा दिसत नाही, पण त्याचं गुरुत्वाकर्षण प्रकाश वाकवतं. असा एखादा काळोखा गोळा लांबच्या ताऱ्याच्या बरोबर पुढून सरकला तर मागचा तारा काही दिवस, आठवडे उजळतो आणि मग पुन्हा पहिल्यासारखा होतो. 1986 मध्ये बोहदान पाचिन्स्की यांनी सुचवलं की शेजारच्या छोट्या दीर्घिकेतले, म्हणजे मोठ्या मॅजेलॅनिक मेघातले, लाखो तारे सतत पाहत राहा. आपल्या दीर्घिकेभोवतीचं न दिसणारं वजन जर गोळ्यांचं असेल तर असे उजळण्याचे प्रसंग घडलेच पाहिजेत, आणि किती घडले पाहिजेत हेही आधीच मोजता येतं. ऑस्ट्रेलियातून 1990 च्या दशकात सव्वा कोटीच्या आसपास तारे वर्षानुवर्षं पाहिले गेले. प्रसंग सापडले, पण हवे होते त्याच्या फार थोडे. मग चिलीतून आणखी पाहणी झाली. पोलंडच्या खगोलशास्त्रज्ञांनी चिलीतल्याच एका दुर्बिणीतून जवळपास 8 कोटी ताऱ्यांवर 20 वर्षं नजर ठेवली आणि 2024 मध्ये निष्कर्ष छापला: जेवढे प्रसंग दिसले तेवढे ओळखीच्या ताऱ्यांनीच घडतात, लपलेल्या गोळ्यांची फौज तिथे नाही.

यात 2016 साली एक वळण आलं होतं. लायगो या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या अमेरिकेतल्या वेधशाळेनं 2015 च्या सप्टेंबरात दोन कृष्णविवरांची टक्कर टिपली, एकेक सूर्याच्या तीसपट वजनाच्या आसपासचं. 2016 मध्ये हे जाहीर होताच काही शास्त्रज्ञांनी विचारलं की विश्वाच्या अगदी सुरुवातीला बनलेली अशी कृष्णविवरं म्हणजेच डार्क मॅटर तर नव्हे? ही तुझ्याच विचाराची चुलत भावकी. 2024 च्या त्या निष्कर्षानं तीसपट सूर्याच्या वजनाची कृष्णविवरंही बहुतांशी बाद केली. फार हलक्या, लघुग्रहाएवढ्या वजनाच्या कृष्णविवरांना मात्र अजून जागा शिल्लक आहे. तुझा विचार कुठे जिवंत राहू शकतो ते बघायचं असेल तर तिथे बघ. लायगोची भारतातली वेधशाळा तुझ्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ व्हायची आहे, हेही तुला ठाऊक असू दे.

तिसरं कारण सर्वांत भारी. विश्वाच्या पहिल्या काही मिनिटांत हायड्रोजन, हेलियम आणि थोडं ड्युटेरियम (जड हायड्रोजन) तयार झालं. ड्युटेरियम किती उरलं हे त्या वेळी साधा पदार्थ किती होता यावर अवलंबून असतं, आणि ते आज मोजता येतं. दुसरीकडे, विश्व सुमारे 3 लाख 80 हजार वर्षांचं असतानाचा प्रकाश अजून आकाशभर पसरलेला आहे. प्लँक उपग्रहानं त्यातले बारीक चढउतार मोजले. दोन्ही वाटा एकमेकींशी संबंध नसलेल्या, पण साध्या पदार्थाचा आकडा एकच देतात: विश्वाच्या एकूण हिशेबात सुमारे 5 टक्के. प्लँकच्या मोजणीत डार्क मॅटर सुमारे 27 टक्के आणि उरलेली डार्क एनर्जी, म्हणजे विश्वाचं प्रसरण वाढवणारी अजून न उमगलेली ऊर्जा. आता बघ, तारा पेटलेला असो की विझलेला, तो घडला साध्या पदार्थातूनच. तो त्या 5 मध्येच धरलेला आहे. 27 मध्ये त्याला शिरताच येत नाही. तुझ्या दोन वह्यांना याचं उत्तर द्यावं लागेल, आणि मला तरी ते दिसत नाही.

एक श्रेय मात्र तुझ्या बाजूला जातं. झ्विकींना जे वजन सापडत नव्हतं त्याचा काही भाग खरोखरच साधा पदार्थ निघाला. दीर्घिकासमूहांमध्ये कोट्यवधी अंश तापलेला वायू भरलेला असतो, डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशात तो दिसत नाही, क्ष-किरणांच्या दुर्बिणी अवकाशात गेल्यावर तो सापडला. ताऱ्यांच्या एकूण वजनापेक्षा तो कितीतरी जास्त भरतो. तरीही हिशेब पुरा झाला नाही.

मित्राकडे वळू. "डार्क मॅटर नसतंच" या वाक्याचे दोन अर्थ होतात आणि त्यातला एक आदरानं ऐकण्यासारखा आहे. युरेनस ठरल्या वाटेनं जात नव्हता तेव्हा फ्रान्सच्या ल व्हेरिए यांनी गणित करून सांगितलं की पलीकडे न दिसलेला ग्रह आहे, आणि 1846 मध्ये बर्लिनहून नेपच्यून जवळपास सांगितल्या जागी सापडला. माल लपलेला होता. पुढे बुधाची कक्षाही शतकाला 43 विकलांनी (एक विकला म्हणजे अंशाचा 3,600 वा भाग) जास्त सरकते असं निघालं. त्याच ल व्हेरिए यांनी 1859 मध्ये पुन्हा तोच तर्क केला: सूर्याजवळ आणखी एक ग्रह असावा. त्याला व्हल्कन असं नावही पडलं, लोकांनी तो 'पाहिला'सुद्धा. तो नव्हताच. 1915 मध्ये आइनस्टाइनच्या नव्या गुरुत्वाकर्षणानं त्या 43 विकला बरोबर दिल्या. त्या वेळी काटाच दुरुस्त करावा लागला. म्हणून 1983 मध्ये मोर्देहाय मिलग्रोम यांनी फार मंद ओढीच्या ठिकाणी गुरुत्वाकर्षणाचा नियमच थोडा वेगळा असेल असं मांडलं, तेव्हा तो वेडेपणा नव्हता. एकेका दीर्घिकेचे वेग त्यांच्या सूत्रानं आश्चर्य वाटावं इतके नीट लागतात. पण दीर्घिकासमूहांना ते पुरत नाही, आणि प्लँकनं मोजलेल्या त्या जुन्या प्रकाशाशीही त्याचं जुळवणं फार अवघड आहे. शिवाय 2006 मध्ये 'बुलेट क्लस्टर'चं निरीक्षण आलं. दोन समूह एकमेकांतून आरपार गेलेले. वायू, म्हणजे साध्या पदार्थाचा मोठा भाग, धडकून मधेच रेंगाळला, पण प्रकाश ज्या ओढीनं वाकतो ती ओढ दोन्ही बाजूंना पुढे निघून गेली. कापूस एकीकडे आणि वजन दुसरीकडे. नुसता काटा बिघडलेला असता तर हे असं दिसणं कठीण. माझं मत विचारशील तर माल लपलेला आहे, कारण वेग, वाकलेला प्रकाश, ड्युटेरियम आणि तो जुना प्रकाश असे वेगवेगळे साक्षीदार एकाच दिशेला बोट दाखवतात.

"पैसे लाटायचे धंदे" हा दुसरा अर्थ मात्र अन्यायाचा आहे, आणि तो मित्राला स्पष्ट सांग. अमेरिकेतल्या साउथ डाकोटात सोन्याच्या जुन्या खाणीत, जमिनीखाली जवळपास दीड किलोमीटर, 10 टन द्रवरूप झेनॉन ठेवून एलझेड नावाचा प्रयोग चालतो. डार्क मॅटरचा कण झेनॉनच्या अणूला धडकला तर चमक उठेल, ही अपेक्षा. 2024 मध्ये त्यांनी 280 दिवसांच्या निरीक्षणांवरून जाहीर केलं की असा कण दिसला नाही. आपल्याकडे झारखंडात जादुगुडाच्या युरेनियम खाणीत 555 मीटर खोल छोटी प्रयोगशाळा आहे, तिथेही याच विषयावर काम होतं. इटलीतल्या एका गटानं तर अनेक वर्षं सांगितलं की आम्हाला वर्षाच्या ऋतूप्रमाणे कमीजास्त होणारी खूण मिळते. मग स्पेनमध्ये आणि दक्षिण कोरियात तशाच प्रकारचे स्फटिक घेऊन लोकांनी तपासलं, त्यांना ती मिळाली नाही. रिकामे हात जगापुढे धरणाऱ्या, एकमेकांचे दावे खोदून पाहणाऱ्या माणसांना लुटारू म्हणणं मला सहन होत नाही.

काकांशी वाद घालू नकोस. आत्मतत्त्वाचा विचार हजारो वर्षांचा आहे, त्याचे प्रश्न वेगळे, त्याची साधना वेगळी. डार्क मॅटर ही वजनाची बाब आहे. आपल्या भागातली त्याची दाटी अंदाजे मोजलेली आहे. पृथ्वीच्या आकाराएवढ्या जागेत एका वेळी ते अर्ध्या किलोच्या आसपास भरतं. उद्या मिलग्रोम यांच्या बाजूचं कोणी बरोबर ठरलं आणि डार्क मॅटर नाहीच असं निघालं, तर काका आत्मतत्त्वही नाही म्हणतील का? नाही म्हणणार, आणि म्हणूही नये. मग श्रद्धेला अशा बदलत्या अंदाजाच्या खुंटीला कशाला टांगायचं? एवढं त्यांना नम्रपणे विचार. मात्र या नावाखाली कोणी लॉकेट, यंत्र, पाणी विकायला आलं तर घरात घेऊ नकोस.

तुझ्या पत्रात एक वाक्य होतं, ते वर छापलेलं नाही: "शेवटी सगळे अंदाजच लावतात ना सर, मग माझा का नाही?" याचं उत्तर आपल्या विदर्भातच आहे. लोणारला जा. एसटीनं जाऊन येण्यासारखं आहे. त्या विवराला आधी लवणासुराची कथा होती, गावात दैत्यसूदनाचं देखणं मंदिर आहे. 1823 मध्ये इंग्रज अधिकाऱ्यानं त्याची नोंद केली आणि पुढे बराच काळ अभ्यासक त्याला ज्वालामुखीचं तोंड समजत. तो अंदाज चांगलाच होता, कारण आजूबाजूचा सगळा काळा पाषाण लाव्हाचाच आहे. उल्का पडली असेल असं म्हणणारेही होते. दोघांकडे अंदाजच होते. मग तिथे खोलवर छिद्रं पाडून दगड काढले आणि त्यांत मॅस्केलिनाइट सापडलं, प्रचंड धक्क्याखाली खनिजाची काच होते ती. ज्वालामुखी असा धक्का देऊ शकत नाही. 1973 मध्ये ते प्रसिद्ध झालं आणि उगमाचा वाद मिटला. वय मात्र अजून वादात आहे, एका पद्धतीनं 50 हजार वर्षांच्या आसपास, दुसरीनं 5 लाख 70 हजार. पण कोणता दगड सापडला तर कोणाचा अंदाज चुकला, हे तिथे ठरवता येत होतं. तुझ्या वह्यांत मला तेवढं हवं आहे: काय दिसलं तर विझलेल्या ताऱ्यांची गोष्ट खोटी? पत्रावरून तरी ते पान तू लिहिलेलं दिसत नाही. लिहिलं असतंस तर ताऱ्यांवर नजर ठेवणाऱ्या त्या पाहणीपर्यंत तू स्वतःच पोचला असतास.

प्राध्यापकांनी उत्तर दिलं नाही म्हणून मन कडू करून घेऊ नकोस. विश्वाचं कोडं सुटल्याचे मेल त्यांना नेहमीच येतात, आणि पानंच्या पानं वाचून उत्तर देण्याइतका वेळ कोणाकडे नसतो. सिद्धांत पाठवू नकोस, प्रश्न पाठव. "अमुक आलेखात वायूचं वजन कसं धरलं आहे, मला समजलं नाही" असा चार ओळींचा प्रश्न असेल तर उत्तर येण्याचा संभव कितीतरी जास्त. बहुमताविरुद्ध बोलायलाही बंदी नाही. जयंत नारळीकर मे 2025 मध्ये गेले. विश्व महास्फोटातून जन्मलं हे त्यांनी अखेरपर्यंत मान्य केलं नाही. फ्रेड हॉईल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासोबत 1993 मध्ये त्यांनी वेगळी मांडणी केली, गणितासह आणि तपासता येईल अशी. जगानं ती फारशी स्वीकारली नाही, पण कोणी ती न वाचता फेकली नाही. आणि पुण्यात त्यांनीच उभारलेल्या आयुका संस्थेत महास्फोट मानणारी माणसं मोकळेपणानं काम करत राहिली.

आता हाताला काम. मोबाइलवरचा कॅल्क्युलेटर पुरेल. आतलं वजन काढायचं सूत्र तू अकरावीत शिकला आहेस: वेगाचा वर्ग गुणिले अंतर, भागिले गुरुत्व स्थिरांक. अंतर किलोपार्सेकमध्ये (एक म्हणजे सुमारे 3,260 प्रकाशवर्षं), वेग सेकंदाला किलोमीटरमध्ये आणि वजन सूर्यांमध्ये घेतलं तर स्थिरांक 0.0000043 येतो. सूर्य आपल्या दीर्घिकेच्या केंद्रापासून सुमारे 8.2 किलोपार्सेकवर, वेग सुमारे 230. करून बघ, जवळपास 10,000 कोटी सूर्यांचं वजन निघेल. मग अंतर दुप्पट धर आणि वेग तोच ठेव. वजनही दुप्पट होईल, उजेड मात्र तितका वाढत नाही. आख्खा डार्क मॅटरचा प्रश्न एवढ्या दोन ओळींत तुझ्या हातून मांडला जाईल. त्यापुढे स्पार्क नावाचा माहितीसंच इंटरनेटवर फुकट आहे, 175 दीर्घिकांचे वेग, त्यांतल्या तारे आणि वायूच्या वाट्यासकट. एक दीर्घिका घे आणि साध्या स्प्रेडशीटमध्ये आलेख काढ. माझी खात्री आहे की वह्या भरताना झाला नाही इतका आनंद त्या वाकड्यातिकड्या आलेखानं होईल.

सोबत कोणी हवं असेल तर रॅड ॲट होम हा भारतातला नागरिक-विज्ञान प्रकल्प आहे. जुन्नर तालुक्यात खोडदला 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांची जी जीएमआरटी दुर्बीण आहे, तिनं टिपलेल्या आकाशचित्रांत तिथे तुझ्यासारखी मुलं दीर्घिका शोधतात. गॅलक्सी झू नावाचा असाच प्रकल्प 2007 मध्ये सुरू झाला, आणि त्याच वर्षी हॉलंडमधल्या एका शाळेतल्या शिक्षिकेला त्यात पूर्वी कोणी न पाहिलेला हिरवट वायूचा ढग सापडला. आज तो तिच्या नावानं ओळखला जातो. तिनं सात हजार भरले नव्हते.

शिवाय तुझ्याकडे एक गोष्ट आहे जी पुण्या-मुंबईच्या पोरांकडे नाही. तुरीच्या जागलीला वावरात असशील तेव्हा, कार्तिक-मार्गशीर्षातल्या चंद्र नसलेल्या रात्री, देवयानी डोक्यावर येते. नुसत्या डोळ्यांना अंधूक पुंजका दिसतो. 25 लाख प्रकाशवर्षांवरची तीच दीर्घिका रुबिन बाईंनी मोजली होती.

राहिले बाबा. त्यांचं बरोबर आहे, आभाळाच्या वजनानं भाव मिळत नाही, आणि आजारानं अंथरुणाला खिळलेल्या माणसाला घराची काळजी वाटणारच. त्यांच्या बोलण्याला विज्ञानाचा विरोध समजू नकोस. पेरणी, सोंगणी, मळणीचे दिवस वावराचे, त्यात वही उघडू नकोस. उरलेल्या दिवसांतला रात्रीचा एक तास तुझा, असं त्यांच्याशी बोलून ठरव आणि तो पाळ. एखाद्या रात्री वरचं गणित त्यांनाही दाखव. काट्यावर माल तोललेल्या माणसाला ते आपल्याआधी समजेल.

आणि पदवी पुरी कर. हा माझा आग्रह आहे, कारण तुझी अडचण बुद्धीची नाही. दुसऱ्या वर्षाचं गणित आणि भौतिकशास्त्र हातात नसल्यानं तू शब्दांनी सिद्धांत लिहितो आहेस. आधी स्वतःच्या कॉलेजात जा, पहिल्या वर्षाची गुणपत्रिका सोबत ने, झालेले विषय धरून पुढे प्रवेश मिळतो का ते कार्यालयात लेखी विचार. तिथे रोज हजर राहणं जमणार नसेल तर इग्नूची बी.एस्सी. आहे, घरी राहून करता येते, फक्त प्रात्यक्षिकांसाठी ठरलेल्या केंद्रावर जावं लागतं. तुझ्या जवळचं केंद्र कोणतं आणि तिथे भौतिकशास्त्राची प्रात्यक्षिकं होतात का, हे फी भरण्याआधी विचारून घे. ते सात हजार त्यासाठी ठेव.